बाकीच्या फेऱ्या

मॅरेथॉन धावायची असं मी कधी ठरवलं नव्हतं. ते आमच्या मालकांनी ठरवलं. शहरातल्या शर्यतीत एखाद्या दुकानाने आपला माणूस उतरवला, तर दुकानाचं नाव त्याच्या छातीवर छापायची मुभा होती. आपलं चष्म्याचं दुकान बेचाळीस किलोमीटर लोकांच्या डोळ्यांसमोरून फिरून येणार, ही कल्पना मालकांना फारच आवडली. दुकानात आम्ही चौघं. मालक स्वतः खुर्चीतून उठतात ते दोन हप्त्यांत. डोळे तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "माझं डोकं अजून ठिकाणावर आहे." काउंटरवरच्या बाईंच्या कमरेचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. उरलो मी. मागच्या खोलीत बसून काचा घासणारा, वय एकोणपन्नास आणि वजन वयाच्या पावणेदोनपट.

"तुम्ही वर्षानुवर्षं बसूनच आहात," मालक म्हणाले, "म्हणजे पाय नवेच असतील."

सरावाला सात महिने होते आणि अडचण एकच होती, ती म्हणजे बाबा. आदल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हापासून त्यांना एकटं सोडायचं नाही असा घरचा कायदा होता. बायको पावाच्या कारखान्यात. ती पहाटे साडेचारला जाते आणि अकराला येते, रविवारीसुद्धा, कारण लोक रविवारीही पाव खातात. दुकान मला दहा वाजता लागतं. बायको येईपर्यंतचा तासभर खालच्या मजल्यावरची म्हातारी बाबांपाशी येऊन विणत बसते. म्हणजे पहाट माझी आणि बाबांची. धावायला दूर जायची सोय नाही.

तोडगा बाबांनीच काढला. "बिल्डिंगभोवती धाव. मी खिडकीत बसतो. दर फेरीला हात वर करतो. हात दिसला नाही तर वर ये."

फेरी भरली तीनशे साठ मीटरची. पुढचं फाटक, सायकलींची शेड, पाण्याच्या टाकीला वळसा, मागची लाँड्री, मग कचऱ्याचे डबे आणि परत आमची खिडकी.

"पण तुला मोजणारा लागेल," बाबा म्हणाले. "तू एकोणतीसच्या पाढ्यात अडकलास तो अजून बाहेर आलेला नाहीस."

मोजणं हा बाबांचा धर्म. बाटल्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते टाइमकीपर होते. फाटकातल्या केबिनमध्ये बसायचं आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ लिहायची. नऊशे माणसं. तोंडं बघायची त्यांना गरजच नसे. एकदा एका कामगाराने आपली टोपी देऊन जुळ्या भावाला हजेरीला पाठवलं, तर बाबा मान वर न करता म्हणाले, "त्याला सांग, उद्या पाय ओढायलाही शिकवून पाठव." कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांनी काही ना काही उचलून नेलं. बाबांनी रेघांच्या तीन कोऱ्या वह्या आणल्या. त्यातली एक आता निघाली.

पहिले तीन महिने झकास गेले. झकास म्हणजे माझं अंग उभं-आडवं दुखत होतं, लाँड्रीवाला माझ्याकडे बघून मान हलवत होता, आणि दुकानात काच घासता घासता मला डुलकी लागून एका बाईंच्या चष्म्याला कोपरा राहिला. पण वही चोख होती. सकाळी वर आलो की बाबा चष्मा कपाळावर सारून वाचून दाखवायचे, "एकूण बावीस. नववी फेरी चार मिनिटं. काय करत होतास?"

"बुटाची नाडी सुटली होती."

"घरून बांधून निघावं."

एकाच बाजूला वळून वळून डावा गुडघा धरला, म्हणून एकदा मी उलट्या दिशेने धावलो. बाबांनी त्या दिवशी एकही फेरी लिहिली नाही. म्हणाले, "येणारा आणि जाणारा एका पानावर येत नाही. उलटा धावलास म्हणजे तू बाहेर जात होतास." मी गुडघ्याला पट्टा बांधला आणि डावीकडेच वळत राहिलो. चौतीस वर्षं नऊशे माणसांचं त्यांच्यापुढे काही चाललं नव्हतं, मी एकटा काय करणार?

चौथ्या महिन्यात वहीत एक फेरी कमी आली, मग दोन, मग पाच. मी लक्ष दिलं नाही. मग तो रविवार आला. तीस किलोमीटर, चौऱ्याऐंशी फेऱ्या. शेवटी शेवटी पाण्याची टाकीच माझ्याभोवती फिरत असावी असं वाटत होतं. भिंत धरत वर गेलो.

"एकसष्ट," बाबा म्हणाले.

"बाबा, चौऱ्याऐंशी झाल्या. लाँड्रीवाल्याला विचारा. त्यालासुद्धा मोजून चक्कर आली."

"चौऱ्याऐंशी झाल्या हे मला माहीत आहे. एकसष्ट तुझ्या. बाकीच्या त्याच्या."

"कुणाच्या?"

"तो एक धावतो ना. जाडसर, टक्कल पडलेला. तुझ्या मागून येतो. बरा धावतो बिचारा, वयाच्या मानाने."

त्यांनी पान उलटलं. मागच्या पानावर त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं, 'अनोळखी इसम (टक्कल)' आणि खाली उभ्या रेघांचे गठ्ठे, तेवीस. एकसष्ट आणि तेवीस चौऱ्याऐंशी. बेरजेत एका रेघेची चूक नव्हती.

आता इथे कुणीही शहाणा माणूस काय समजायचं ते समजला असता. पण मी अठ्ठावीस वर्षं काचा घासतोय. माणसाला नीट दिसत नसेल तर त्याचा नंबर बदललेला असतो, ही माझी श्रद्धा. मी बाबांना त्याच आठवड्यात नवा चष्मा करून आणला. काच स्वतः घासली, काठ इतका गुळगुळीत केला की मालकांनी उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "हा कुणा मोठ्या गिऱ्हाइकाचा?"

पुढच्या रविवारी माझ्या चाळीस, त्याच्या शेहेचाळीस.

मी दुसरा चष्मा केला, चकाकी न येणाऱ्या काचेचा. माझ्या तेहतीस. मग मला वाटलं, दोष खिडकीच्या काचेत असेल. जुनी काच लहरी असते, माणसाला फुगवून दाखवते. ती काढून नवी बसवली, आतून-बाहेरून पुसली. बाबा खूश झाले. म्हणाले, "आता तर त्याच्या टकलावरचा घामसुद्धा दिसतो." मग मी दुकानातून शर्यतीचा पिवळाधमक शर्ट आणला. छातीवर दुकानाचं नाव आणि खाली मालकांनी स्वतः रचलेली ओळ, 'लांबचं स्पष्ट'. तो घालून फेऱ्या मारल्या. बाबांनी मागच्या पानावर कंसात भर घातली, 'आता पिवळा शर्ट'.

"अहो," बायको एका संध्याकाळी म्हणाली. ती पायांना तेल लावत बसली होती, सहा तास भट्टीपुढे उभं राहून तिचे पाय माझ्याहून वाईट असतात. "डोळ्यांचं नाहीये हे."

"माझा धंदा आहे. मला कळत नाही?"

"धंदा आहे म्हणूनच कळत नाहीये. काल त्यांनी मला विचारलं, मुलगा शाळेतून आला का?"

"म्हणजे मी दुकानातून आलो का असं विचारायचं असेल."

तिने तेलाची बाटली बंद केली. "मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. विसरण्याचे डॉक्टर आहेत ते. शर्यतीनंतरच्या मंगळवारी."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही चौथा चष्मा केला असता."

तिसरा तेव्हा चाकावर चढलेलाच होता. दुसऱ्या दिवशी बाबांना दुकानात घेऊन गेलो. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, जड फ्रेम नाकावर ठेवली, काचा घातल्या, काढल्या, डोळ्यात बॅटरी मारली. बाबांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली. मग कुणी न सांगता तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं तेही वाचलं, आणि त्यात एक काना कमी आहे हे दाखवून दिलं.

मॅडम मला मागच्या खोलीत घेऊन आल्या. "तुमच्या वडिलांचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

"पण मग मी त्यांना..."

"हो," त्या म्हणाल्या. मॅडमचं बोलणं नेहमीच तोडून टाकल्यासारखं असतं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या आणि मी चाकावर चढवलेली काच त्यांनी स्वतः खाली उतरवून ठेवली.

तरी मी हार मानली नाही. माणूस मॅरेथॉनच्या सरावात आणखी काही शिको न शिको, स्वतःला फसवत पुढचा पाय टाकायला हमखास शिकतो. मी बायकोशी सौदा केला. शर्यतीच्या दिवशी तिने रजा घ्यायची आणि बाबांना एकोणचाळिसाव्या किलोमीटरला आणून घडीच्या खुर्चीत बसवायचं. बंद पडलेल्या थिएटरसमोर रस्ता अरुंद आहे, तिथे. दिवसाढवळ्या, मध्ये काच नाही, अंतर दोन हात. तिथे बाबांनी मला ओळखलं, तर मंगळवारची वेळ रद्द.

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर जाऊ."

"एकोणचाळीस किलोमीटर धावल्यावर तुम्हाला मीसुद्धा ओळखेन याची खात्री नाही," ती म्हणाली. पण कबूल झाली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बाबा अगदी टकाटक होते. मी बूट काढून ठेवले, तर म्हणाले, "नाड्या आताच बघून घे. नवव्या फेरीला तुझा गोंधळ होतो." हे त्यांना आठवत होतं! मी त्यांच्यासमोर बसलो आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाबा, उद्या मी पिवळ्या शर्टात असेन हं."

ते हसले. "माझ्या मुलाला मी शर्टावरून ओळखायचं? लोक काय म्हणतील?"

मी इतका हलका झालो की स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "मंगळवारचं सांगून टाक त्यांना, येत नाही म्हणून." ती म्हणाली, "उद्याचं उद्या." भांडी घासायचं तिने थांबवलं नाही.

तरीपण खबरदारी म्हणून मी एक काळी टोपी घेतली होती. शर्यतीच्या पाकिटात मिठाच्या गोळ्या, केळं आणि ती टोपी. बाबांच्या डोक्यातल्या मुलाला केस आहेत एवढं मला आता कळलं होतं. बाकीचं कळायचं होतं.

शर्यत पहाटे साडेपाचला सुटली. सात महिने फक्त डावीकडे वळलेल्या माणसाला सरळ रस्ता म्हणजे संकटच. पहिल्या किलोमीटरमध्ये मी डाव्या कठड्याला दोनदा घासलो. पंधराव्याला एक आजोबा पुढे गेले, अठराव्याला डोक्यावर पुठ्ठ्याची दाढ बांधलेला एक दंतवैद्य पुढे गेला, तोही बहुधा कुणा तरी मालकाच्या हौसेखातर. तिसाव्यापर्यंत मी बरा होतो. तिथे माझं खिडकीखालचं शिक्षण संपलं. त्यापुढचा रस्ता मला नवीन होता, आणि पाय दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे वागत होते. वर कुणी हात करत नव्हतं. प्रत्येक अडीच मिनिटांनी मान आपोआप वर जायची आणि वर कधी बँकेची पाटी असायची, कधी नुसतं आभाळ.

अडतिसाव्याला मी थांबलो, तोंड धुतलं, शर्ट सारखा केला आणि टोपी घातली. पाण्याच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, आता कशाला टोपी? तीन-चारच किलोमीटर राहिलेत." मी म्हटलं, "फोटो काढायचाय."

थिएटरच्या वळणावर मला ती दोघं दिसली. बायको उभी होती. बाबा खुर्चीत, नवा चष्मा, केस विंचरलेले, मांडीवर घडी घातलेला कोट. ते रस्त्याकडे बघत होते, फाटकावर बघायचे तसे, कुणालाही न सोडता. मी पोट आत घेतलं आणि जमेल तेवढ्या तरुणपणाने धावत आलो. दहा पावलं राहिली तेव्हा बाबांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला, अगदी खराखुरा, आणि त्यांनी हात वर केला. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

"या, या!" बाबा म्हणाले. "टोपी घातलीत म्हणून काय झालं? मी लांबूनच ओळखलं तुम्हाला. तुम्ही आमच्या बिल्डिंगभोवती धावता ना रोज?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. घाम चष्म्यात उतरत होता, त्यामुळे नीट दिसत नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी खरोखर काचेची होती.

"हो," मी म्हटलं.

"सुंदर धावता. मी लिहून ठेवतो तुमच्या फेऱ्या. माझा मुलगाही आहे आज शर्यतीत. दिसला का मागे कुठे?"

बायको म्हणाली, "बाबा, अहो, हे..." मी तिला हाताने थांबवलं. का थांबवलं ते तेव्हा कळलं नाही. त्यांनी इतक्या आशेने विचारलं होतं की त्यांना चुकीचं ठरवायला जीभ उचलेना.

"दिसला," मी म्हटलं. "मागेच आहे. दम लागलाय जरा त्याला."

"लहानपणापासून तसाच. सुरुवात जोरात आणि मग बसतो." ते पुढे वाकले आणि माझ्या मागे, रिकाम्या रस्त्यावर बघू लागले. मग मी अजून उभाच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही थांबू नका हो. निघा. पुढे तुमची माणसं वाट बघत असतील."

मी निघालो. एवढ्या अदबीने निरोप दिल्यावर कोण थांबतो? उरलेलं अंतर मी धावलो की चाललो ते आठवत नाही. शेवटाला कमान होती, मंडपवाले एका बाजूने तिचे खिळे काढत होते. एका माणसाने माझ्या गळ्यात पदक घातलं आणि विचारलं, "काका, बरोबर कुणी आहे का?" मी म्हटलं, "मागे आहेत." मालकांचा फोन आला. छातीवरचं नाव फोटोत येतंय ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बायकोचे तीन फोन येऊन गेले होते. तिला फोन केला, तर म्हणाली, "ते उठतच नाहीयेत. मुलगा यायचाय म्हणतात."

मी आलेल्याच रस्त्याने परत चालत गेलो. पदक काढून खिशात घातलं. टोपीही काढली, आता तिचा काही उपयोग नव्हता. थिएटरसमोर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि रस्ता गाड्यांसाठी उघडला होता. झाडूवाल्यांनी पाण्याचे पेले ढिगाने लोटले होते. खुर्ची फुटपाथवर ओढून घेतलेली, बायको तिच्या मागे उभी राहून बाबांच्या डोक्यावर वर्तमानपत्र धरत होती. बाबा येणारी प्रत्येक बस निरखत होते.

"नाही आला ना अजून?" मला पाहून ते म्हणाले.

"बाबा, घरी चला," मी म्हटलं.

"तुम्ही जा. दमला असाल. मी थांबतो थोडा. आल्यावर कुणी नाही असं नको व्हायला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. सौद्याचं तिने काही काढलं नाही, मीच काढलं.

"मंगळवारी किती वाजताची वेळ आहे?"

"साडेदहाची," ती हळू म्हणाली. "फॉर्म भरायचाय, म्हणून सव्वादहाला बोलावलंय."

बाबांनी बसवरची नजर काढली. "सव्वादहा सांगितलंय म्हणजे दहाला पोचा," ते मला म्हणाले. "तुमचं कोण आजारी आहे?"

"वडील."

"अरेरे." त्यांनी मान हलवली. चेहरा खरोखर कष्टी झाला. "एकटं पाठवू नका हो त्यांना."

"नाही पाठवत," मी म्हटलं.

गुडघे वाकेनात, म्हणून खुर्चीचा हात धरून मी कसाबसा फुटपाथच्या कडेवर बसलो. बाबांनी माझ्यासाठी पाय जरा आत घेतले. मग आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.